मापाची उसनवारी

तोंडाचे माप फूटपट्टीने घेता येत नाही. शिंप्याचे काम टेपवरच्या चार आकड्यांत भागते, जबड्याचे तसे भागत नाही. दात मध्ये फुगीर असतो आणि हिरडीशी आत वळतो. टाळूला वळ्या असतात. दात पडून गेलेल्या जबड्यावर कुठे हाडाचा कणखर कंगोरा लागतो, तर कुठे बोटाने दाबली की सरकणारी मऊ हिरडी. हे सगळे आकड्यांत मावत नाही, त्याचा ठसाच घ्यावा लागतो. त्या ठशात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती काढायची आणि कवळी, कॅप किंवा दात सरळ करायची पट्टी त्या प्रतिकृतीवर घडवायची, असा हा क्रम आहे. पहिल्या पायरीवर केसभर चुकले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

ठसा घेणाऱ्या पदार्थाकडून मागण्याही परस्परांशी भांडणाऱ्या असतात. तोंडात शिरताना तो पातळ हवा, म्हणजे दातांच्या फटीत उतरेल. पण इतका पातळही नको की घशाकडे ओघळून रुग्णाला उमासे यावेत. दोन-चार मिनिटांत तो थिजला पाहिजे, कारण तोंड उघडे ठेवून बसणाऱ्याचा धीर तेवढाच असतो. थिजल्यावर दाताच्या फुगवट्यावरून निघताना तो ताणला जावा आणि सुटताक्षणी मूळ आकाराला परतावा. हे सारे ३७ अंशांच्या, लाळेने भिजलेल्या, जिवंत माणसाच्या तोंडात घडायचे. तेव्हा तो भाजू नये, विषारी नसावा, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आक्रसूही नये.

असा पदार्थ निसर्गात तयार मिळत नाही. मग दंतवैद्यांनी जे केले तीच या पदार्थांची कुळकथा आहे: दुसऱ्यांच्या धंद्यातून उसने आणले. पत्रावर मोहोर उठवणाऱ्यांकडून मेण, गवंड्याकडून प्लास्टर, तारायंत्रवाल्यांकडून झाडाचा चीक, मिठाईवाल्यांकडून समुद्रशेवाळ, आणि पुढे रॉकेटचे इंधन बनवणाऱ्यांकडून रबर. दोनशे वर्षे हे कूळ दत्तक मुलांवरच वाढले.

कोरा, लावून बघा, पुन्हा कोरा

ठसा नव्हता तेव्हाही कवळ्या होत्या. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक मानल्या जाणाऱ्या प्येर फोशार या फ्रेंच वैद्याचा मोठा ग्रंथ १७२८ साली निघाला. त्या काळची मापे कंपासने घेतलेल्या अंतरांवर चालत. पाणघोड्याच्या सुळ्याचा तुकडा घ्यायचा, अंदाजाने कोरायचा, हिरडीला रंग लावून वर बसवायचा आणि जिथे रंग लागेल तिथे घासायचा. कवळी नीट बसेपर्यंत हे चालू. तरीही ती हिरडीला धरून राहत नसे. म्हणून वरची आणि खालची कवळी मागच्या बाजूला स्प्रिंगांनी जोडत. तोंड मिटून ठेवायलाही जोर लावावा लागे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुड यांनी त्यांच्यासाठी पाणघोड्याच्या सुळ्यात कवळी कोरली. ती ओठांना बाहेर ढकलते, अशी तक्रार वॉशिंग्टन यांनी त्यांनाच पत्रातून कळवली होती.

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जपानी कारागीर कठीण, चिवट लाकडाच्या एका ठोकळ्यातून अखंड कवळ्या कोरत होते. एदो राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, ही कला चांगलीच पुढे गेली. हे कारागीर मधमाशीच्या मेणाने जबड्याचा ठसा घेत आणि त्याबरहुकूम लाकूड घडवत. परिणामी त्यांची कवळी स्प्रिंगशिवाय टाळूला चिकटून राही. युरोपला या गोष्टीचा पत्ता नव्हता. तिथे ही विद्या पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागली.

मोहोरेचे मेण

प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याचा दंतवैद्य फिलिप फाफ याने १७५६ मध्ये बर्लिनमध्ये दातांवर एक पुस्तक छापले. पत्रावर मोहोर उठवायचे मेण गरम पाण्यात मऊ करायचे, ते जबड्यावर दाबायचे आणि निघालेल्या ठशात प्लास्टर ओतून प्रतिकृती करायची, ही रीत त्यात सविस्तर दिलेली आहे. पूर्ण जबड्याचा ठसा एका दमात सुखरूप निघत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो अर्ध्या जबड्याचा एकेक ठसा घेई आणि दोन्ही भाग बाहेर जुळवी. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात हेही तो मेणात चावायला लावून नोंदवी. आजही कवळी करताना रुग्णाला मेणाच्या पट्टीवर दात मिटायला सांगतात.

मेणाचा दोष मेणातच होता. फुगीर दातावरून ओढताना ते ताणले जाई आणि ताणलेलेच राही. थंडीत आक्रसे, उन्हाळ्यात ढळे. तरी या मेणाने एक मूलभूत बदल घडवला. कवळी घडवणारा रुग्णाच्या तोंडातून उठून आपल्या बाकाशी जाऊन बसला. आता कोरण्या-घासण्याचा त्रास रुग्णाच्या हिरडीला नव्हता, प्लास्टरच्या जबड्याला होता. पुढे १८२० मध्ये देलाबार या फ्रेंच दंतवैद्याने धातूचा ट्रे आणला. बोटांनी मेण दाबण्याऐवजी ते जबड्याच्या आकाराच्या पन्हाळीत भरून एकसारखे दाबता येऊ लागले.

गवंड्याची भुकटी

मेणाच्या ठशात प्लास्टर ओतत होतेच. मग प्लास्टरचाच ठसा का घेऊ नये? अमेरिकेत १८४४ च्या सुमारास हा विचार प्रत्यक्षात आला. जिप्सम हा मऊ दगड भाजला की त्यातले बरेचसे पाणी उडते आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत हा दगड मुबलक, म्हणून भुकटीला त्या शहराचे नाव पडले. भुकटीत पाणी घातले की ते पाणी पुन्हा दगडात शोषले जाते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात, मिश्रण गरम होते आणि घट्ट बसते.

बारकाव्याच्या बाबतीत प्लास्टरने मेणाला कुठल्या कुठे मागे टाकले. पातळ असल्याने ते हिरडीला न दाबता, आहे त्या स्थितीत तिचा ठसा घेई. पण घट्ट झाले की ते दगड! फुगीर दातांमागे अडकलेला दगड तोंडातून काढायचा कसा? त्याला एकच उपाय होता: फोडून काढायचा. दंतवैद्य थिजलेल्या प्लास्टरला सुरीने चिरा पाडी, तुकडे करी, प्रत्येक तुकडा जपून बाहेर काढी आणि टेबलावर बसून ते सारे जुळवी. एखादा कपचा रुग्णाने गिळला तर जुळणीत तेवढी जागा रिकामी. पुढे प्लास्टरमध्ये स्टार्च मिसळायची युक्ती निघाली. प्रतिकृती ओतून झाली की वरचा ठसा गरम पाण्यात विरघळून जाई, त्यामुळे तो खरवडून काढताना आतली प्रतिकृती दुखावत नसे.

एवढा खटाटोप लोकांनी सोसला, कारण त्याच दशकात कवळ्यांची मागणी एकदम वाढली होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरची भूल देऊन दाखवली. दात उपटण्याची भीती कमी झाली, आणि किडके दात सांभाळत बसण्यापेक्षा सगळे काढून टाकणारे पुढे आले. पाठोपाठ १८५१ मध्ये नेल्सन गुडइयर यांनी कडक रबराचे पेटंट घेतले. या व्हल्कनाइट रबराची कवळी हस्तिदंताच्या मानाने स्वस्त पडे आणि ती कोरायची नसून साच्यात घालायची असे. साचा जितका अचूक, तितकी कवळी अचूक; त्यामुळे ठशाची किंमत वाढली.

रबरी कवळी करणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याकडून पेटंटधारक कंपनी परवान्याचे पैसे वसूल करी, न देणाऱ्यांवर खटले भरी. वसुलीचा कारभार बघणारे कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांना सॅम्युएल चॅलफंट या दंतवैद्याने एप्रिल १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात गोळी घालून मारले. कवळीच्या इतिहासात खूनही आहे तो असा.

मलायातला चीक आणि आपली लाख

प्लास्टरचे तुकडे जुळवून कंटाळलेल्यांना मऊ होणारे आणि पुन्हा घट्ट होणारे काहीतरी हवे होते. सिंगापूरमधले शल्यवैद्य विल्यम माँटगोमरी यांनी १८४३ मध्ये गटापर्चाचे नमुने लंडनला पाठवले. मलाया द्वीपकल्पातल्या एका झाडाचा हा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो, गार झाला की कडक, आणि त्यातून पाणी वा वीज जात नाही. समुद्रतळाच्या तारायंत्राच्या तारांना याचेच वेष्टन असे. १८७० मध्ये सुएझ आणि एडनमार्गे मुंबईपर्यंत आलेली समुद्री तारही गटापर्चातच गुंडाळलेली होती. तारांचा धंदा जोरात असतानाच दंतवैद्यांनी हा चीक ठशासाठी वापरून बघितला. तो गार होताना आक्रसे, ओढताना वाकडा होई. ठशाच्या कामात तो टिकला नाही, पण दंतवैद्यकातून गेलाही नाही: आज कोणाचे रूट कॅनाल होते तेव्हा दाताच्या मुळात ज्या गुलाबी बारीक काड्या भरतात, त्या गटापर्चाच्याच.

लंडनचे दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांनी १८५० च्या दशकात या चिकाला वळण लावले. त्यांनी त्यात स्टिअरिन घातले, म्हणजे तो लवकर आणि एकसारखा मऊ होईल. शंखजिऱ्याची पूड घातली, म्हणजे अंगाला घट्टपणा येईल. आणि लाल रंग घातला. हे मिश्रण स्टेंट कंपाउंड म्हणून विकले जाऊ लागले, आणि स्टेंट यांच्या मुलांच्या पश्चात क्लॉडियस ॲश या दंतसामग्रीच्या कंपनीने त्याचे हक्क घेतले. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना योहानेस एसर या डच शल्यवैद्याला याच पदार्थाची आठवण झाली. गरम करून मऊ केलेला कंपाउंड जखमेच्या पोकळीत दाबायचा, पोकळीचा हुबेहूब आकार मिळाला की त्यावर त्वचेचा पातळ पापुद्रा आतली बाजू बाहेर करून गुंडाळायचा आणि तो गोळा जखमेत बसवून टाके घालायचे. पापुद्रा जखमेच्या भिंतीला धरला की गोळा काढून घ्यायचा. इंग्लंडमध्ये शल्यवैद्य हॅरल्ड गिलीज यांनी ही रीत उचलली. हळूहळू शरीरातली एखादी पोकळी वा नळी आतून उघडी धरून ठेवणाऱ्या कोणत्याही आधाराला शल्यवैद्य स्टेंट म्हणू लागले. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे हृदयाच्या रोहिणीत धातूची जाळी बसवली गेली तेव्हा तिच्याकडे तेच नाव आले. इथे देवघेव उलट दिशेने झाली: उसने घेणाऱ्या दंतवैद्यांनी एवढी एक गोष्ट दुसऱ्यांना दिली.

पुढच्या काळात कंपाउंडातून गटापर्चा मागे पडले आणि राळ व लाख आत आली. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक कीटक सोडतात तो राळेसारखा स्राव. ती मुख्यतः भारतात होते; झारखंड, छत्तीसगड आणि आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला तिची शेती आहे. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा हातात मिळणारी ती तांबूस वडी, जी पन्नास-साठ अंशांच्या पाण्यात मळून मऊ करायची असते, तिच्या घटकांत हीच लाख असते.

१९३० च्या दशकात आणखी एक भिडू आला: झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलची मलमासारखी पेस्ट. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलाचा मुख्य अंश. दात दुखताना लवंग धरायची रीत जुनी. आता तिच्या तेलाने हिरडीचा पातळ, बारीक ठसा घेता येऊ लागला. ओठांना ती झोंबते, म्हणून आधी व्हॅसलिन लावतात. आणि तीही घट्ट होते, लवचिक नव्हे. त्यामुळे दात असलेल्या तोंडात तिचा उपयोग नाही.

शेवाळाची दोन घराणी

मेण, प्लास्टर, कंपाउंड, पेस्ट या सगळ्यांना एकच गोष्ट जमत नव्हती: दाताच्या फुगवट्यावरून ताणले जाऊन परत येणे. ती जमली ती समुद्रशेवाळाला.

लाल शेवाळापासून निघणारे अगर जपानी स्वयंपाकात मुरलेले होते. आपल्याकडे ते चायना ग्रास म्हणून वाण्याकडे मिळते आणि पुडिंग घट्ट करायला वापरतात. १८८० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत फॅनी हेस यांच्या सुचवण्यावरून जंतू वाढवायच्या बशीत अगर आले. व्हिएन्नाचे डॉक्टर अल्फॉन्स पोलर यांनी १९२० च्या दशकात अगर घालून ठसे घेण्याचे मिश्रण केले. त्यांचा डोळा दातांवर नव्हता. त्वचारोगांचे मेणी नमुने करायचे आणि गुन्ह्याच्या जागेवरचे पुरावे जसेच्या तसे टिपायचे, हे त्यांचे काम. थोड्याच वर्षांत ते मिश्रण दंतवैद्यांच्या हाती आले.

अगरच्या स्वभावात एक विलक्षण गोष्ट आहे. ते वितळायला पाणी उकळीच्या जवळ न्यावे लागते, पण एकदा वितळले की पुन्हा थिजते ते चाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे उकळून पातळ करा, तोंडाला सोसेल इतके निववा, तरी ते पातळच राहील. तोंडात ठेवल्यावर थिजवायचे कसे? पाण्याच्या नळ्या बसवलेला ट्रे वापरायचा आणि त्यातून गार पाणी खेळवायचे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅप आणि इनलेसाठी (दातातल्या खाचेत बसवायच्या घडीव तुकड्यासाठी) अगरचे ठसे घेऊ लागले. पहिल्यांदाच ठसा फुगीर दातांवरून अखंड निघाला. पण त्यासाठी दवाखान्यात तीन तापमानांची पाण्याची टाकी, नळ्या आणि मदतनीस हवेत. शिवाय अगर मुख्यतः जपानमधून येई.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि हा पुरवठा तुटला. पर्याय शोधताना नजर दुसऱ्या शेवाळाकडे वळली, तपकिरी शेवाळाकडे. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर एडवर्ड स्टॅनफर्ड हे रसायनतज्ज्ञ या शेवाळातून आयोडीन काढत. १८८१ मध्ये त्यांनी शेवाळातल्या चिकट पदार्थाचे पेटंट घेतले. पुढे अल्जिनेट म्हणून तो आइस्क्रीममध्ये गेला, कापड छापायच्या रंगांत गेला. विल्डिंग नावाच्या संशोधकाच्या नावे ठशासाठी त्याचे पेटंट नोंदले गेले आणि जपानी अगर मिळेनासे झाल्यावर तो दवाखान्यांत पसरला.

अल्जिनेटला उकळावे लागत नाही, गार पाणी फिरवावे लागत नाही. पिशवीतली भुकटी रबरी वाटीत घ्यायची, पाणी घालायचे, पळीने वाटीच्या भिंतीला घासत चांगली फेटायची आणि ट्रेमध्ये भरून तोंडात ठेवायची. रसायन असे: सोडियम किंवा पोटॅशियम अल्जिनेट पाण्यात विरघळते, भुकटीतल्या जिप्सममधून कॅल्शियम सुटतो, तो अल्जिनेटच्या लांब साखळ्यांना एकमेकींत बांधतो आणि न विरघळणारी जाळी तयार होते. ही गाठ ताबडतोब बसली तर ट्रे तोंडापर्यंत जाण्याआधीच सगळे थिजेल, म्हणून भुकटीत थोडा सोडियम फॉस्फेट असतो. कॅल्शियम आधी त्याच्याशी जुळतो. तो संपला की मग अल्जिनेटकडे वळतो. दंतवैद्याला मिळणारी दोन-एक मिनिटे ही या फॉस्फेटची देणगी. पाणी कोमट घेतले की हा अवधी आखडतो, म्हणून उन्हाळ्यात गार पाणी वापरतात.

अल्जिनेटचा शत्रू म्हणजे वेळ. त्याच्यात बहुतांश पाणीच असते. उघडा ठेवला की ते उडते आणि ठसा आक्रसतो. पाण्यात ठेवला तर फुगतो. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून लवकरात लवकर प्लास्टर ओतायचे. कॅपच्या नाजूक कडेसाठी तो भरवशाचा नाही, पण दातांच्या पट्ट्या, तारा आणि कवळीचा प्राथमिक ठसा यांसाठी आजही सर्वांत जास्त चालतो तो हाच. तपकिरी शेवाळ आपल्या किनाऱ्यावरही आहे. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात ते गोळा करून त्याचे अल्जिनेट काढतात. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर त्याच जातीचे शेवाळ लाटांबरोबर पायाशी येऊन पडते.

रबर

१९२० च्या दशकात जोसेफ पॅट्रिक आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या कॅन्सस सिटीत गाडीच्या रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून एक द्रव शोधत होते. भांड्यात तयार झाला तो भयानक वास मारणारा एक रबरी गोळा, आणि तेलाने वा पेट्रोलने तो सुजत नव्हता. थायोकॉल या नावाने तो बाजारात आला. विमानांच्या इंधनटाक्या सांधायला वापरला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या पातळ रूपात रॉकेटचे घन इंधन घट्ट धरून ठेवायची सोय सापडली. त्याच पातळ रूपातून १९५० च्या दशकात ठशासाठी पॉलिसल्फाइड रबर आले. दोन ट्यूबमधल्या पेस्ट काचेवर घोटायच्या. एकीत शिशाचा ऑक्साइड असे. रंग तपकिरी, वास गंधकाचा, कपड्याला लागला तर डाग जात नसे, आणि थिजायला दहा मिनिटांच्या आसपास. पण पाणी उडून आक्रसण्याची अल्जिनेटची खोड त्याला बरीच कमी होती, आणि फाटण्याआधी तो खूप ताणला जाई.

सिलिकोनही युद्धातूनच आले. विमानांच्या विजेच्या जोडण्यांत ओल शिरू नये म्हणून हे पदार्थ अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर बनू लागले. १९५० च्या दशकात दंतवैद्यांना पहिले सिलिकोन मिळाले: ना वास, ना डाग. मात्र थिजताना त्यातून अल्कोहोल सुटे, ते उडाले की ठसा आक्रसे.

या साऱ्या रांगेत १९६५ हे वर्ष वेगळे आहे. जर्मनीत म्यूनिकजवळच्या झेफेल्ड गावातल्या एस्पे कंपनीने इम्प्रेगम नावाचा पॉलिइथर बाजारात आणला. रबरी जातीतला मुळात दातांच्या ठशासाठीच घडवलेला हा पहिला पदार्थ. पाणघोड्याच्या सुळ्यापासून इथवर यायला दोन शतके गेली. त्याला ओलाव्याची भीती नव्हती, उलट ओल्या दाताला तो आपणहून बिलगे. खोट होती ती अशी की थिजल्यावर तो इतका ताठ होई की ट्रे काढताना दंतवैद्याच्या मनगटाची परीक्षा, आणि चव कडू.

१९७० च्या दशकात सिलिकोनचे सुधारलेले रूप आले. यात प्लॅटिनमच्या साहाय्याने साखळ्या जुळतात आणि त्या जुळण्यातून काहीच बाहेर पडत नाही. त्यामुळे ठसा कित्येक दिवस जवळपास तसाच राहतो आणि दूरच्या प्रयोगशाळेत टपालाने पाठवता येतो. मग एक चमत्कारिक तक्रार सुरू झाली: कधीकधी हे सिलिकोन थिजतच नसे. १९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने दंतवैद्यांनी हातमोजे घालायला सुरुवात केली होती. लॅटेक्स मोज्यांतली गंधकाची संयुगे बोटावाटे मिश्रणात उतरत आणि प्लॅटिनमला निकामी करत. रुग्णाचे रक्षण करणारा मोजाच ठशाच्या मुळावर आला. आता त्यासाठी लॅटेक्सविरहित मोजे वापरतात, किंवा पिस्तुलासारख्या यंत्रातून दोन्ही भाग हात न लावता मिसळतात.

प्रकाश कुठे थांबतो

फ्रान्समधल्या लिआँच्या फ्रांस्वा दुरे यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात प्रकाशाने ठसा घेण्याची कल्पना मांडली. झुरिकमध्ये वेर्नर मोर्मन आणि मार्को ब्रांदेस्तिनी यांनी १९८५ मध्ये तोंडात कॅमेरा घालून टिपलेल्या आकारावरून चिनी मातीचा तुकडा यंत्राने कापून त्याच बैठकीत रुग्णाच्या दातात बसवला. आज मुंबई-पुण्यातल्या अनेक दवाखान्यांत पेनासारखा स्कॅनर दातांवरून फिरतो आणि पडद्यावर जबडा उमटतो. एकदोन कॅप असतील तर ठशाच्या लगद्याची गरज राहिलेली नाही. मात्र कॅपची कड हिरडीखाली असेल, तिथे रक्त किंवा लाळ असेल, तर प्रकाशाला दिसत नाही. तिथे अजून सिलिकोन लागते. पण ही अडचण कमी होत जाणारी आहे.

खरी मर्यादा दात नसलेल्या जबड्याची आहे. पूर्ण कवळीला धरायला दात नसतो. तिला धरून ठेवते ती हिरडी आणि कवळीमधली लाळेची पातळ चकती, आणि कडेने गाल-ओठांची आतली त्वचा बसवते तो सील. ती कड कुठवर न्यायची हे गाल किती हलतात, जीभ किती वर जाते यावर ठरते. म्हणून दंतवैद्य ट्रेच्या काठाला हिरवा मऊ कंपाउंड लावतो आणि रुग्णाला ओठांचा चंबू करायला, हसायला, आवंढा गिळायला, जीभ बाहेर काढायला सांगतो. हलणारे स्नायू त्या मऊ कडेला स्वतःच आकार देतात. मग त्यात पातळ पेस्ट किंवा सिलिकोन घालून शेवटचा ठसा घेतात. कुठे हिरडी दाबून ठसा घ्यायचा आणि कुठे सोडायची, हेही तिथेच ठरते. स्कॅनर पृष्ठभाग पाहतो. तो पृष्ठभाग दाबल्यावर किती सरकेल हे त्याला दिसत नाही.

म्हणून सरकारी दंत महाविद्यालयात कवळीसाठी आलेल्या आजोबांच्या तोंडात आजही एकाच आठवड्यात तीन पिढ्यांचे पदार्थ जातात: कोमट पाण्यात मळलेला लाखेचा तांबूस कंपाउंड, काठासाठी हिरवी कांडी, आणि वर लवंगतेलाची पेस्ट. अल्जिनेट किंवा सिलिकोन त्यांची जागा घेऊ शकतात आणि घेतातही, पण त्यांचे काम तेच राहते. कॅप स्थिर दातावर बसते, म्हणून तिला स्थिर चित्र पुरते. कवळी मात्र बोलणाऱ्या, चावणाऱ्या, गिळणाऱ्या तोंडात बसायची असते. तिचे माप घ्यायला त्या तोंडाबरोबर आधी हलणारा आणि मग योग्य क्षणी थांबणारा पदार्थच लागतो.